वेगाचे गणित आणि नवा चालक

मनुष्याच्या हाती एखादी नवी शक्ती आली म्हणजे ती वापरण्याचे शिक्षण मागाहून येते व वापर मात्र आधी सुरू होतो, असा बहुधा जगाचा अनुभव आहे. मोटारगाडीची गोष्ट याहून निराळी नाही. आपल्या भद्रावतीत ज्या घरी एके काळी सायकल असणे हीदेखील प्रतिष्ठेची गोष्ट समजली जात असे, त्या घरी आज एखादी मोटारसायकल, पुष्कळ ठिकाणी दोन, आणि काही ठिकाणी मोटारही आढळते. दहावीची परीक्षा आटोपली की मुलाची दृष्टी गाडीच्या किल्लीकडे वळते, आणि बारावी होण्यापूर्वीच कित्येकांच्या खिशात ती किल्ली गेलेली असते. ही किल्ली केव्हा द्यावी, कोणत्या शिक्षणानंतर द्यावी, आणि ती घेणाऱ्याने वेगाविषयी काय जाणून असावे, हा विचार विद्यार्थी व त्यांचे पालक या दोघांपुढेही मांडावा, या हेतूने आम्ही हा लेख लिहिण्यास प्रवृत्त झालो आहोत.

प्रथम या विषयाचे गांभीर्य किती आहे ते पाहू. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली भारतात ४,६१,३१२ रस्ते-अपघात झाले व त्यांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. याचा अर्थ दर दिवशी सरासरी ४६२ मृत्यू. २०११ च्या जनगणनेत भद्रावतीची लोकवस्ती सुमारे ६०,००० भरली होती. तेव्हा एवढ्या वस्तीची जवळजवळ तीन गावे एका वर्षात नाहीशी व्हावी, असा हा संहार आहे. त्याच अहवालात असेही नमूद आहे की, यांपैकी सुमारे ७१ टक्के मृत्यू अतिवेगामुळे घडलेल्या अपघातांत झाले, आणि सुमारे ५०,००० माणसे अशी होती की ज्यांनी दुचाकीवर बसताना हेल्मेट घातलेले नव्हते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की, ५ ते २९ वर्षे या वयात मृत्यूचे सर्वांत मोठे कारण रस्त्यावरील अपघात हेच होय. हे वय आमच्या विद्यार्थ्यांचे आहे.

वेगास मर्यादा असावी ही कल्पना मोटारीहूनही जुनी आहे. इंग्लंडात १८६५ साली झालेल्या कायद्याने वाफेवर चालणाऱ्या गाड्यांना खेड्यांच्या रस्त्यावर ताशी ४ मैल व शहरात ताशी २ मैल एवढाच वेग ठरवून दिला होता, आणि अशा गाडीपुढे एका मनुष्याने तांबडे निशाण घेऊन चालावे असा नियम घातला होता. १८९६ साली ही मर्यादा ताशी १४ मैलांपर्यंत वाढवण्यात आली. त्याच वर्षी १७ ऑगस्ट रोजी लंडनमधील क्रिस्टल पॅलेस येथे ब्रिजेट ड्रिस्कॉल नावाची एक स्त्री मोटारीखाली सापडून मरण पावली. त्या देशात मोटारीने पायी चालणाऱ्याचा घेतलेला हा पहिला बळी म्हणून नोंदला गेला आहे. चालकाची परीक्षा घेतल्यावाचून त्यास परवाना देऊ नये, हे शहाणपण मात्र तेथे १९३५ साली कायद्यात उतरले. म्हणजे पहिला बळी व सक्तीची परीक्षा यांत ३९ वर्षे लोटली. हिंदुस्थानात मोटारींसंबंधी पहिला देशव्यापी कायदा १९१४ साली झाला, पुढे १९३९ साली दुसरा, आणि सध्याचा मोटार वाहन कायदा १९८८ चा असून २०१९ साली त्यात पुष्कळ कडक सुधारणा झाल्या.

आता कायदा कोणता वेग सांगतो? ६ एप्रिल २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेने ठरवलेली कमाल मर्यादा अशी : लहान मोटारीस द्रुतगती मार्गावर ताशी १२० किलोमीटर, मध्ये दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर १००, आणि नगरपालिकेच्या हद्दीत व इतर रस्त्यांवर ७०. मोटारसायकलीस चौपदरी रस्त्यावर ८०, नगरपालिकेच्या हद्दीत व इतरत्र ६०. मालाच्या ट्रकांस मोठ्या रस्त्यांवर ८० आणि अन्यत्र ६०. राज्य सरकारांस याहून कमी मर्यादा घालता येते, आणि शाळा, दवाखाना, वळण, पूल अशा जागी फलकावर जो कमी आकडा असेल तोच पाळावयाचा असतो. येथे एक शब्द नीट ध्यानात धरावा : ही ‘कमाल’ मर्यादा होय. फलकावर ६० लिहिले म्हणजे ६० ने गेलेच पाहिजे, असा त्याचा अर्थ नाही. रस्ता कोरडा, प्रकाश स्वच्छ व वाट मोकळी असता याहून अधिक नको, एवढेच तो सांगतो.

परंतु ७० का, किंवा ६० का? हे आकडे अधिकाऱ्यांनी मनास येतील तसे घातले, असे पुष्कळांस वाटते. म्हणून विद्यार्थ्यांनी वर्गात शिकलेले थोडेसे गणित येथे उपयोगात आणावे अशी आमची सूचना आहे. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे दर सेकंदास १० मीटर. समोर अडथळा दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत सावध मनुष्यासही सुमारे एक सेकंद लागतो. त्या सेकंदात गाडी आपल्या पूर्ण वेगाने पुढे जातच असते. नंतर ब्रेक लागतो, आणि गाडी थांबेपर्यंत जे अंतर लागते ते वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. कोरड्या रस्त्यावर वेग दर सेकंदास ५ मीटर प्रति सेकंद याप्रमाणे कमी होतो असे धरू. मग ताशी ३६ किलोमीटर वेगाच्या गाडीस विचाराचे १० आणि ब्रेकचे १० असे एकूण २० मीटर पुरतात. वेग दुप्पट, म्हणजे ७२ केला की २० आणि ४० मिळून ६० मीटर लागतात. वेग तिप्पट, म्हणजे १०८ केला की ३० आणि ९० मिळून १२० मीटर! वेग तिप्पट झाला, परंतु थांबण्याचे अंतर सहापट झाले.

हेच गणित दुसऱ्या प्रकारे मांडू. रात्रीची वेळ आहे आणि ५० मीटरांवर दिवा नसलेली बैलगाडी उभी आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने येणारी मोटार सुमारे ४४ मीटरांत थांबते, व गाडीच्या मागे ५-६ मीटर जागा शिल्लक राहते. कोणास इजा नाही; फार तर दोन कठोर शब्दांची देवघेव होईल. ताशी ७२ ने येणारी मोटार थांबू शकत नाही. ती बैलगाडीवर आदळते तेव्हा तिचा वेग अद्याप ताशी ३६ असतो. आणि १०८ ने येणारी मोटार आदळते ती ताशी सुमारे ९५ च्या वेगाने. म्हणजे ब्रेक लावला काय नि न लावला काय, सारखेच. ६० आणि ७२ यांत अंतर केवळ १२ किलोमीटरांचे आहे. चालकास ते जाणवतही नाही. परंतु एक मनुष्य घरी जातो व दुसरा जात नाही, एवढे ते मोठे आहे.

आदळण्याचा अर्थ काय, तेही समजून घ्यावे. ताशी ३६ किलोमीटर वेगाने भिंतीवर आदळणे म्हणजे सुमारे ५ मीटर उंचीवरून जमिनीवर पडणे होय. ७२ ने आदळणे म्हणजे २० मीटरांवरून, अर्थात सहा-सात मजली इमारतीच्या गच्चीवरून पडणे. गच्चीच्या कठड्यावर मुलास उभे राहू देणारा बाप आम्हास ठाऊक नाही. परंतु त्याच मुलास हेल्मेटावाचून ७० च्या वेगाने जाऊ देणारे बाप आम्ही नित्य पाहतो.

आता हे गणित आपल्या रस्त्यांस लावून पाहू. नागपूरहून वरोरा, भद्रावती यांवरून चंद्रपुरास जाणारा रस्ता हा या जिल्ह्याचा जणू कणा आहे. भोवताली कोळशाच्या खाणी, सिमेंटचे कारखाने, वीजनिर्मितीचे केंद्र व आयुध निर्माणी असल्यामुळे या वाटेवर जड ट्रकांची रांग अहोरात्र चालू असते. त्याच रस्त्यावर एस. टी. ची गाडी, कापसाने भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली, बैलगाडी, सायकलीवरून शाळेस जाणारी मुले, आणि संध्याकाळी घराकडे परतणारी गुरे. या सर्वांचे वेग भिन्न. ताशी ४ किलोमीटर चालणारी बैलजोडी व ताशी ९० ने धावणारी मोटार एकाच पट्टीवर आली म्हणजे अपघाताचे अर्धे साहित्य सिद्धच झाले असे समजावे. पहिल्या पावसात रस्त्यावर सांडलेल्या कोळशाची भुकटी भिजून निसरडी होते. ओल्या रस्त्यावर चाकांची पकड निम्म्यावर आली, तर ६० च्या वेगाने ४४ मीटरांत थांबणाऱ्या गाडीस ७० हून अधिक मीटर लागतात. शिवाय समोरच्या डोळ्यांवर झोत पडू नये म्हणून मोटारीचे दिवे खाली केले असता बहुधा ४०-५० मीटरांपलीकडचे स्पष्ट दिसत नाही. म्हणजे अशा वेळी ६० हून अधिक वेगाने जाणारा मनुष्य, जे त्यास दिसत नाही त्यावर विश्वास ठेवून चालला आहे, असेच म्हणावे लागते.

आपल्या पूर्वेस ताडोबाचे अरण्य आहे. मोहर्लीकडे जाणाऱ्या वाटेवर चितळ, रानडुक्कर, अस्वल, क्वचित वाघही रस्ता ओलांडतात, आणि ते फलक वाचत नाहीत. चितळ एकटे नसते. एक गेले म्हणजे मागून दुसरे येणार हे समजून थांबावे. नागपूरहून शिवनीकडे जाणाऱ्या महामार्गावर पेंचच्या जंगलात रस्ता खांबांवर उचलून प्राण्यांस खालून जाण्यास वाट ठेवली आहे, व ते तीमधून जातातही. परंतु जेथे अशी सोय नाही तेथे चालकाचा संयम हीच काय ती सोय होय.

असो. गावच्या रस्त्यावरून आपण आता द्रुतगती मार्गाकडे वळू. कारण नागपुरास गेले की तो आता आपल्याही दारात आला आहे. महाराष्ट्रात पहिला द्रुतगती मार्ग मुंबई-पुणे हा २००२ साली पूर्ण झाला. त्यानंतर नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरांचा समृद्धी महामार्ग झाला. त्याचा नागपूर ते शिर्डी हा पहिला भाग ११ डिसेंबर २०२२ रोजी, आणि इगतपुरीपासूनचा शेवटचा भाग ५ जून २०२५ रोजी खुला झाला. या मार्गावर बैलगाडी नाही, दुचाकी नाही, समोरून येणारे वाहन नाही, चौक नाही. तेव्हा येथे अपघात होऊ नयेत असे साहजिकच वाटते. परंतु १ जुलै २०२३ रोजी सिंदखेडराजाजवळ एक खाजगी बस रात्री उलटून पेटली व २५ प्रवासी जळून मेले. रस्ता सरळ व रुंद असला म्हणजे धोका नाहीसा होत नाही, तो केवळ आपले रूप पालटतो.

ते रूप कोणते? पहिले, एकसारखेपणा. तासन् तास सरळ रेषेत जाताना मन सुस्तावते, डोळे उघडे असूनही पाहत नाहीत, आणि ताशी १०८ च्या वेगाने तीन सेकंदांच्या डुलकीत ९० मीटर वाट निघून जाते. म्हणून दर दोन तासांनी थांबून उतरावे, आणि मध्यरात्र ते पहाट या वेळात प्रवास टाळावा. दुसरे, टायर. विदर्भाच्या उन्हाळ्यात तापलेल्या काँक्रीटवर, हवा कमी असलेले किंवा झिजलेले टायर दीर्घकाळ वेगाने फिरले असता आतून तापते व फुटते. गावात २० मिनिटे फिरणाऱ्या गाडीचा जो दोष उघड होत नाही, तो तेथे दोन तासांत उघड होतो. तिसरे, मधील अंतर. पुढील गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की मनात सेकंद मोजावे. आपण त्या खांबाशी तीन सेकंदांच्या आत पोहोचलो तर आपण फार जवळ आहोत. पावसात हे सेकंद दुप्पट करावे. चौथे, मार्गिका. डावी मार्गिका चालण्यासाठी व उजवी केवळ पुढे जाण्यासाठी आहे, हा साधा नियम न कळल्यामुळे किती तरी मोटारी उजव्या मार्गिकेतच ठाण मांडतात व मागच्यांस डावीकडून घुसण्याचा मोह होतो. पाचवे, थांबणे. गाडी बिघडली तर ती कडेच्या राखीव पट्टीवर घ्यावी, चारी दिवे लुकलुकते ठेवावे, मागे दूर अंतरावर त्रिकोणी खूण ठेवावी, व माणसांनी गाडीत न बसता कठड्यापलीकडे उभे राहावे.

यांपैकी कोणती गोष्ट नव्या चालकास शिकवली जाते? येथेच खरी उणीव आहे. आपल्या देशात शिकाऊ परवाना सहा महिने चालतो, आणि तो मिळाल्यानंतर किमान तीस दिवसांनी पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते. मोटार-शिक्षणशाळांसाठी केंद्रीय नियमांत लहान मोटारीस किमान २१ दिवसांचा अभ्यास व प्रत्यक्ष चालवण्याचे किमान दहा तास सांगितले आहेत. २०२१ च्या जुलैपासून मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांची नवी योजना सुरू झाली, तीत चार आठवड्यांत २९ तासांचे शिक्षण आहे, त्यांपैकी ८ तास तत्त्वांचे व २१ तास प्रत्यक्ष कामाचे. नियम चांगले आहेत. परंतु पुष्कळ तरुण गावच्या मैदानात मित्राच्या गाडीवर शिकतात, परीक्षेपुरता आठाचा आकडा काढतात, आणि परवाना हाती आला की दुसऱ्याच आठवड्यात समृद्धीवर १२० चा काटा पाहू इच्छितात. ज्याने कधी ५० च्या पुढे गाडी नेली नाही त्याने एकदम १२० वर जावे, हे विहिरीच्या पायरीवर पाय भिजवणाऱ्याने वर्धा नदीच्या पुरात उडी टाकण्यासारखे आहे. इंग्लंडातही ही उणीव दीर्घकाळ होती. तेथे पहिला द्रुतगती मार्ग १९५८ साली झाला. परंतु शिकाऊ चालकास त्यावर शिक्षकासह सराव करण्याची मुभा ४ जून २०१८ रोजी मिळाली, आणि तीही शिक्षकाच्या पायाशी स्वतंत्र ब्रेक असलेल्या गाडीतच.

आपल्याकडील शेतकरी याबाबतीत अधिक शहाणे होते, असे आम्हास वाटते. धुरकरी होणाऱ्या पोराच्या हाती पहिल्याच दिवशी कासरा देत नसत. तो आधी बापाशेजारी बसे, मग रिकामी गाडी हाकी, मग भरलेली, आणि उतारावर, नाल्यात व रात्री हाकणे हे सर्वांत शेवटी. तेथे तर बैलांसही अक्कल असे. खड्डा दिसला की ते आपण होऊन थांबत. मोटारीच्या यंत्रास ती अक्कल नाही, म्हणून तिच्या चालकास दुप्पट हवी. तोच क्रम मोटारीस लावावा. परवाना मिळाल्यावर पहिले काही महिने दिवसा व ओळखीच्या रस्त्यावर, नंतर पावसात, नंतर अनुभवी मनुष्य शेजारी घेऊन रात्री, आणि त्यानंतर द्रुतगती मार्ग, तोही प्रथम डाव्या मार्गिकेत ताशी ८० ने. नवा चालक आपल्या गाडीच्या नाकापुढेच पाहत असतो; दूरवर व आरशात पाहण्याची सवय त्यास सरावानेच लागते. ती लागेपर्यंत कमी वेग हाच त्याचा शिक्षक होय.

पालकांस आता दोन शब्द. कायद्याने १८ वर्षांखालील मुलास मोटार किंवा सामान्य मोटारसायकल चालवता येत नाही. १६ वर्षांनंतर ५० घनसेंटिमीटरपर्यंतच्या दुचाकीस मुभा आहे, परंतु घरोघरी असलेल्या गाड्या १०० व त्याहून अधिकच्या असतात. २०१९ च्या सुधारणेप्रमाणे अल्पवयीनाने वाहन चालवताना गुन्हा केला तर पालकास किंवा गाडीच्या मालकास तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते, आणि त्या मुलास वयाच्या २५ वर्षांपर्यंत परवाना मिळत नाही. परंतु दंडाच्या भयाने कोणी शहाणे व्हावे, अशी आमची अपेक्षा नाही. ‘शिकवणी दूर आहे’, ‘शेजारच्यांनी घेऊन दिली’, ‘मुलगा हट्ट करतो’ ही कारणे आम्ही ऐकतो. ती खोटी नाहीत; शिकवणी खरोखर दूर असते, आणि शेतावरून किंवा पाळीवरून परतलेल्या बापास मुलास पोहोचवणे कठीण जाते. तरी सायकल, एस. टी. आणि दोन-तीन घरांनी मिळून पाळीपाळीने मुले पोहोचवणे, हे उपाय उपलब्ध आहेत. आणखी असे की, मूल शिकते ते डोळ्यांनी. जो बाप हेल्मेट आरशास अडकवून मुलास शाळेत सोडतो, त्याने त्या दिवशीचा धडा शिक्षकांच्या आधीच देऊन ठेवलेला असतो.

कोणी म्हणेल की, वेगाने वेळ वाचतो. तेही मोजून पाहू. भद्रावती ते चंद्रपूर हे अंतर सुमारे २५ किलोमीटर धरले, तर ताशी ६० ने २५ मिनिटे लागतात आणि ७५ ने २०. वाचली पाच मिनिटे. आणि तीही वाट पूर्ण मोकळी असेल तरच, एरवी पुढच्या ट्रकामागे ती जातातच. त्या पाच मिनिटांसाठी थांबण्याचे अंतर ४४ मीटरांवरून ६४ मीटरांवर जाते. घरून पाच मिनिटे आधी निघणे हा याहून कितीतरी स्वस्त सौदा आहे.

शेवटी एक कर्तव्य सांगावयाचे राहिले. अपघात पाहून पुढे निघून जाणारे पुष्कळ; पोलिसांचा ससेमिरा लागेल ही त्यांची भीती. २०१९ च्या सुधारणेने, सद्भावनेने जखमीस मदत करणाऱ्यास कायद्याचे संरक्षण दिले आहे. त्याच्यावर खटला होत नाही व त्यास आपले नाव सांगण्याची सक्ती नाही. तेव्हा थांबावे, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, वाहत्या रक्तावर स्वच्छ कापड दाबून धरावे, आणि मानेस इजा झाल्याचा संशय असता जखमीस उगाच हलवू नये.

विद्यार्थिमित्रहो, तुम्ही लवकरच या रस्त्यांचे चालक होणार आहात, आणि ते तुम्ही व्हावे अशीच आमची इच्छा आहे. गाडी चालवता येणे हा एक सुंदर गुण आहे. त्याने शेत, बाजार, दवाखाना व महाविद्यालय जवळ येतात. तुमच्यापाशी वेळ भरपूर आहे. अठरा वर्षे पुरी होईपर्यंत सायकल चालवा, रस्त्याची चिन्हे पाठ करा, आणि वर दिलेली थांबण्याच्या अंतराची उदाहरणे आपल्या हाताने एकदा सोडवून पाहा. ४०, ५० व ८० या वेगांचीही काढा, व तो कागद घरी गाडीच्या किल्लीशेजारी लावून ठेवा. किल्ली उचलणाऱ्याच्या दृष्टीस तो रोज पडेल.